मित्रांसोबत पावसाळी ट्रेकला निघताय? या चुका टाळा

गुरुवारी रात्री कुणीतरी ग्रुपवर रील टाकतो. शुक्रवारपर्यंत बारा अंगठे येतात. शनिवारी चार जण गळतात आणि त्यांच्या जागी कुणाच्या तरी ऑफिसातले तीन अनोळखी चेहरे जोडले जातात. रविवारी सकाळी सहाला नाक्यावर भेटायचं ठरलेलं असतं, गाड्या हलेपर्यंत साडेआठ वाजतात. वाटेत मिसळ खायची असतेच.

सह्याद्रीत मित्रांबरोबरचे जे ट्रेक फसतात त्यातले बरेचसे इथेच फसलेले असतात. पाऊस, धुकं, निसरडा कातळ यांच्यावर खापर नंतर फुटतं. खरी अडचण अशी की मित्रांच्या टोळक्यात 'आता पुरे, परत फिरू' म्हणायचा हक्क कुणाकडेच नसतो. पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्यांकडे निदान एक लीडर असतो. आपल्यात जो म्हणेल त्याला 'घाबरट' हे नाव वर्षभर चिकटतं, म्हणून कुणी म्हणत नाही. तेव्हा निघायच्या आधीच एकाला लीड करा. सगळ्यात फिट असलेल्याला नको, सगळ्यात कमी हट्टी असलेल्याला करा. तो म्हणाला फिरायचं, की फिरायचं. वाद घालायचाच असेल तर खाली येऊन चहावर घाला.

रील बघून गड ठरवणे

हरिहर घ्या. कॅमेऱ्यात त्या कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या झकास दिसतात. कॅमेऱ्यात न दिसणारी गोष्ट ही की पायऱ्यांची रुंदी जेमतेम एका माणसाची आहे, हात धरायला कातळात खोबण्या आहेत, आणि सीझनच्या रविवारी वर जाणारे आणि खाली येणारे तिथेच समोरासमोर येतात. उंचीची भीती असलेला एक जण मध्येच थिजला की त्याच्या वरचे आणि खालचे सगळे अडकले. उतरताना तोंड कातळाकडे आणि पाठ दरीकडे करायची असते, हेही अनेकांना वर पोहोचल्यावरच कळतं. ग्रुपमध्ये कुणाला उंचीचा त्रास आहे का, हे आधी विचारा. ग्रुपवर विचारलंत तर कुणी कबूल करणार नाही, एकेकट्याला फोन करा.

दुसरा सापळा 'सोपा आहे रे' या तीन शब्दांचा. राजमाचीला लोणावळ्याकडून जाणारी वाट बहुतेक सपाट, मातीच्या रस्त्याची आहे, म्हणून नवख्यांना तीच सुचवली जाते. पण गडाखालच्या उधेवाडीपर्यंतचं अंतर एका बाजूने साधारण पंधरा किलोमीटर भरतं. आता हिशेब मांडा. पुण्याहून साडेआठला निघालात, नाश्ता आणि ट्रॅफिक धरून साडेदहा-अकराला चालायला लागलात. पावसात, चिखलात, फोटो काढत दहा-बारा जणांचा घोळका तासाला तीन किलोमीटरच्या वर जात नाही. म्हणजे उधेवाडीत पोहोचायला चार वाजणार, आणि श्रीवर्धन-मनरंजनचे बालेकिल्ले अजून वरच. परतीचे पंधरा किलोमीटर अंधारात. कर्जतकडून कोंढाण्याच्या बाजूने अंतर कमी आहे, पण चढ दमवणारा आहे. एका वाटेवर अंतर, दुसरीवर चढ, यातलं आपल्या लोकांना काय झेपेल हे बघून वाट घ्यायची. किंवा सरळ उधेवाडीत मुक्काम करायचा.

कळसूबाईचंही तसंच. 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, अवघड जागी लोखंडी शिड्या, म्हणून पहिलाच ट्रेक तिथे करणारे पुष्कळ. बारी गावातून चढताना दम लागतो, पण तेवढं चालतं. उतरताना गुडघे बोलायला लागतात.

पहिल्यांदा येणारे जास्त असतील तर मळवलीला लोकलने उतरून लोहगड करावा. वरपर्यंत पायऱ्या आहेत, वाटेत भाज्याची लेणी आहेत. फक्त रविवारी दुपारी जाऊ नका. दरवाजांपाशी अशी रेटारेटी असते की गड बघितला की माणसं, असा प्रश्न पडतो. सकाळी सातला पायथ्याशी असाल तर वेगळाच लोहगड दिसतो.

आणि बंदी आहे का ते बघा. पावसाळ्यात जिल्हाधिकारी धबधबे, धरणं, काही गड यांवर बंदी घालतात, पूर्वी कलम 144 खाली, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली. वासोटा तर जंगलातला असल्याने पावसाळ्यात बंदच असतो. बंदीच्या ठिकाणी पोलीस अडवतात तेव्हा 'आम्ही एवढ्या लांबून आलोय' हे कारण चालत नाही.

ओढ्याला हलक्यात घेणे

यावर जरा सविस्तर लिहितो, कारण बाकीच्या चुकांनी रविवार वाया जातो, या चुकीने माणूस जातो.

30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. प्रवाहाच्या मध्यावर एका खडकावर ते एकमेकांना धरून उभे होते आणि पाणी वाढत गेलं. 15 जून 2025 रोजी तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला, चार जण दगावले. दोन्ही दिवस रविवार होते.

आपल्याकडचे घाटमाथ्यावरचे ओढे लहान आणि उभ्या उताराचे. खाली कातळ, त्यात पाणी मुरायला जागा नाही. वरच्या पठारावर सर आली की ते सगळं पाणी काही मिनिटांत खाली येतं. तुम्ही उभे असाल तिथे ऊनही असू शकतं. म्हणून आभाळाकडे बघून उपयोग नाही, ओढ्याकडे बघा. निवळशंख पाणी गढुळायला लागलं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागल्या, खळखळाटाचा आवाज जड झाला, की लगेच बाहेर पडा. फोटो राहू द्या.

सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून पलीकडे गेलात आणि परतीला तोच ओढा मांडीपर्यंत चढलाय, असं झालं तर? थांबा. पटकन चढणारा ओढा पाऊस ओसरल्यावर बहुधा तासा-दोन तासांत पटकन उतरतोही. भिजलेल्या अवस्थेत दोन तास बसणं वैतागाचं असतं, मान्य. म्हणूनच प्रत्येकाच्या सॅकमध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कोरडा टीशर्ट आणि थोडी चिक्की हवी. पाऊस थांबतच नसेल तर मागच्या वाडीत जाऊन रात्र काढा, घरी कळवा, सोमवारची रजा टाका.

पाणी गुडघ्याच्या वर असेल तर उतरायचंच नाही. त्याच्या आत असेल आणि ओलांडायचंच असेल, तर बूट घालूनच, सॅकचा कमरेचा पट्टा मोकळा करून, तोंड प्रवाहाकडे करून, हातात काठी घेऊन, पात्र जिथे रुंद आहे तिथून जा. अरुंद जागा जवळची वाटते, पण पाणी तिथेच सगळ्यात खोल आणि जोरात असतं. खाली धबधबा असेल त्या जागेचा विचारही नको. आणि कंबरेला दोर बांधून कुणालाही पाण्यात सोडू नका. घसरला तर प्रवाह त्याला खाली दाबतो आणि तोच दोर त्याला वर येऊ देत नाही.

डोहात पोहायचा मोह होतोच. स्विमिंग टँकमध्ये पोहता येणं आणि रांजणखळग्यात खेचणाऱ्या पाण्यातून निसटता येणं यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

पुढचे पळतात, मागचा एकटा पडतो

प्रत्येक ग्रुपमध्ये घडणारं एक दृश्य. पुढचे चौघे टेपाडावर पोहोचून दहा मिनिटं बसतात, पाणी पितात, सेल्फी काढतात. सगळ्यात मागचा धापा टाकत येतो, आणि तो पोहोचताच हे उठतात, 'चला, आले सगळे'. ज्याला विश्रांती हवी होती त्यालाच ती मिळाली नाही. दिवसभर असंच चाललं की तो दुपारनंतर पाय मुरगाळतो. यावरचा उपाय सोपा आहे: सगळ्यात हळू चालणाऱ्याला लीडच्या मागे दुसऱ्या नंबरवर ठेवा आणि वाट माहीत असलेल्या दुसऱ्या कुणाला पिछाडीला. वाट फुटते तिथे शेवटचा माणूस दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही.

श्रावणानंतर गवत कमरेएवढं वाढतं, मळलेली वाट झाकली जाते आणि ढोरवाटा तिच्याहून ठळक दिसतात. त्यात धुकं उतरलं की चकवा लागलाच म्हणून समजा. नकाशा आणि ट्रॅक घरूनच फोनमध्ये उतरवून घ्या, वर नेटवर्क मिळेल या भरवशावर राहू नका.

तरी चुकलात तर पहिली गोष्ट, उभे राहा. वाट नक्की बरोबर होती अशी शेवटची जागा आठवा आणि तिथपर्यंत मागे या. 'पाणी गावाकडेच जातं' म्हणून ओढ्याने किंवा नाळेने (कड्यातल्या अरुंद घळीने) खाली उतरू नका. कोकणाच्या बाजूला हे ओढे कड्यावरून थेट खाली पडतात. मग वरही येता येत नाही आणि खालीही जाता येत नाही. शिट्टी जवळ असेल तर मिनिटाला सहा वेळा वाजवा, मिनिटभर थांबा, पुन्हा वाजवा. ही मदतीची जगभरची खूण आहे. 112 लावून बघा. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुणाचीही असेल तर हा फोन लागतो. बोलणं तुटत असेल तर ठिकाणाचे अक्षांश-रेखांश घरच्या माणसाला एसेमेसने पाठवा, कमकुवत रेंजमध्ये तो कधीकधी निसटून जातो. लोणावळा परिसरात शिवदुर्ग मित्रसारखे स्वयंसेवक बचावाला येतात, पण तुम्ही कुठे आहात हे त्यांना नीट कळायला तर हवं.

बारीकसारीक, पण नडणारं

जीन्स भिजली की जड होते आणि मांड्या सोलवटतात. जिमचे पांढरे बूट शेवाळलेल्या कातळावर घसरतात. 'ॲक्शन' कंपनीचे ट्रेकिंगचे बूट दिसायला साधे आहेत, पण ओल्या कातळावर धरतात, म्हणून जुने ट्रेकर तेच घालतात. मोबाइलचा टॉर्च हा टॉर्च नव्हे. पावसात तहान जाणवत नाही, पण घाम येतच असतो आणि पायात गोळे येतात. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा) घालून ठेवा.

पाऊस सरला की आग्या मोहोळांचा त्रास. कड्यांच्या पोटाला लटकलेली ही मोहोळं धुराने, दगडाने चवताळतात, उग्र वासाच्या अत्तरानेही. गुहेत शेकोटी करायची हौस असेल तर आधी मान वर करून छत बघा. माश्या उठल्याच तर हात झाडत बसू नका, तोंड-डोकं कापडाने झाका आणि पायाखाली बघत लांब पळा.

गाडी चालवणारा मित्रही डोंगर चढूनच आलेला असतो, हे परतीला सगळे विसरतात. मागे तिघं घोरतायत आणि तो एकटा खंडाळ्याच्या घाटात डोळे ताणतोय. दोन ड्रायव्हर ठेवा, नाहीतर लोकलने जा, आणि मग परतीच्या गाडीची वेळ निघायच्या आधी बघा.

जेवणाचं पायथ्याच्या गावात सांगायची पद्धत छान आहे. पिठलं, भाकरी, ठेचा, भात. गडावरून उतरल्यावर याच्यापुढे काही नाही. पण 'पंधरा जण येतोय, मावशी' असं सांगून आठच जण उगवतात, किंवा उशीर झाला म्हणून परस्पर हायवेच्या धाब्याकडे वळतात, आणि इकडे चुलीपुढे बसून कुणीतरी तीस भाकऱ्या थापलेल्या असतात. आकडा बदलला तर नेटवर्क जायच्या आधी, गाडीतूनच फोन करा. त्यानंतर कुणी गळलं तर त्याच्या ताटाचे पैसे भागीतून द्या आणि रात्री हिशेब टाकताना त्याच्या नावावर मांडा.