नाशिकहून लांबची रोड ट्रिप काढताय? मग सिमकार्डाचं आधी बघा

गाडीची सर्व्हिसिंग होते, टायर बघून होतात, चिवड्याचे डबे भरून होतात, आणि सिमकार्ड? ते काय, आहे की खिशात, असं म्हणून आपण द्वारका चौकातून हायवेला लागतो. मी पण हेच करायचो. मागे आम्ही दोन गाड्या घेऊन जव्हारला निघालो, नऊ माणसं, आणि नऊच्या नऊ जणांकडे एकाच कंपनीचं सिम, कारण सगळ्यांनी एकाच दुकानातून एकाच ऑफरमध्ये घेतलेलं. मोखाड्याच्या अलीकडे मागची गाडी पंक्चर, पुढच्यांना पत्ताच नाही, आम्ही एका टपरीवर चहा पीत वाट बघतोय आणि सगळ्यांच्या फोनला शून्य रेंज. टपरीवाल्या मामांच्या साध्या बटणाच्या फोनला मात्र दुसऱ्या कंपनीची फुल रेंज होती, पण त्याचा काय उपयोग, मागच्यांचे फोन लागतच नव्हते ना.

तेव्हापासून मी कुठली कंपनी भारी या वादात पडत नाही. एका गाडीत दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं पाहिजेत, बास. ड्युअल सिम फोन असेल तर एकाच माणसाकडे दोन, नाहीतर नवऱ्याकडे एक बायकोकडे दुसरं. दोन गाड्या असतील तर दोन्हीत दोन-दोन.

आता कुठल्या दोन, तर ते रस्त्यावरून ठरवायचं. पुण्यातल्या भावाला कुठलं चांगलं चालतं याचा आपल्याला काडीचा उपयोग नाही. कागदावर फक्त रात्रीचे मुक्काम आणि मधले घाट-जंगलाचे पट्टे लिहा. मुंबई-आग्रा रोडने धुळे, सेंधवा, इंदूर, ग्वाल्हेर असं वर जाताना मोठ्या कंपन्यांपैकी कुठलंही सिम बहुतेक ठिकाणी चालतं, तिथे डोकं लावू नका. डोकं लावायचं ते हायवे सोडल्यानंतरच्या भागासाठी. ट्रायने, म्हणजे टेलिकॉमच्या सरकारी नियामकाने, कंपन्यांना आपापल्या वेबसाईटवर कव्हरेजचे नकाशे टाकायला लावलेत, त्यात मुक्कामाचं गाव झूम करून टूजी, फोरजी, फाईव्हजी काय दाखवतंय ते बघा. पण नकाशातला रंग म्हणजे मोकळ्या जागेतली रेंज, दगडी भिंतीच्या हॉटेलच्या खोलीत तेवढी येईलच असं नाही. म्हणून मी सरळ हॉटेलवाल्याला बुकिंगच्या वेळी विचारतो, दादा तुमच्याकडे कुठल्या सिमला रेंज येते, आणि तुम्ही स्वतः कुठलं वापरता? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त खरं असतं. आडगावच्या ट्रक टर्मिनसवर कोणी ओळखीचा ड्रायव्हर असेल तर त्याला गाठा, त्या लाईनवर महिन्यातून दोनदा जाणाऱ्या माणसाइतकं कुठल्याच ॲपला कळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच लोक दरवर्षी फसतात. जम्मू-काश्मीर किंवा लडाखला जाणार असाल तर आपल्याकडचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. कुठल्याही कंपनीचं असो, वर्षभराचा रिचार्ज मारलेला असो, पंजाबातून लखनपूरला आत शिरलात की फोन गप्प. मनालीकडून गेलात तर सरचूच्या पुढे लडाख लागतं, तिथेही तोच नियम. सुरक्षेच्या कारणासाठी आहे हा नियम, कंपनीशी भांडून काही होत नाही. पोस्टपेड मात्र चालतं. तिथे जाऊन स्थानिक प्रीपेड सिम घेता येतं, पण ओळखपत्र द्या, चालू व्हायची वाट बघा, त्यात सुट्टीतला वेळ जातो, शिवाय बँकेचे ओटीपी तुमच्या जुन्याच नंबरवर येणार. त्यामुळे निघायच्या निदान पंधरा दिवस आधी घरातला एक नंबर पोस्टपेड करून घ्या. त्याच कंपनीत प्रीपेडचं पोस्टपेड करायला पोर्ट (नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं) करावं लागत नाही, नंबर तोच राहतो. फक्त नवीन सिम दिलं तर ते बदलल्यावर चोवीस तास एसएमएस बंद असतात, म्हणजे ओटीपी नाही, त्यामुळे हे काम निघायच्या आदल्या दिवशी बिलकुल नको. आणि बदल खरंच झालाय ना ते कंपनीच्या ॲपमध्ये उघडून बघा, दुकानदार झालं म्हणतो त्यावर जाऊ नका.

कंपनीच बदलायची असेल तर इंग्रजीत पोर्ट लिहून, जागा सोडून आपला नंबर टाकून १९०० ला एसएमएस करायचा, आठ अक्षरी कोड येतो, तो चार दिवस चालतो, तो घेऊन नव्या कंपनीकडे जायचं. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले पाहिजेत आणि बिल थकलेलं नको. आपला सर्कल, म्हणजे टेलिकॉमचा विभाग, महाराष्ट्र-गोवा, त्याच्या आतल्या आत पोर्टला तीन कामाचे दिवस लागतात. पण नाशिकमध्ये बऱ्याच जणांचे नंबर कल्याण-ठाण्याला नोकरीला असतानाचे असतात, तो मुंबई सर्कल वेगळा, तिथून इकडे आणायला पाच कामाचे दिवस धरा.

थोडं टेक्निकल, पण कामाचं आहे. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, २३०० किंवा ३३०० च्या जवळच संपतात. त्यामुळे शहरात ३३०० वरचं फाईव्हजी पळतं आणि डोंगरात तोच फोन हात वर करतो. जिओकडे टूजी-थ्रीजी नाहीच, सगळं फोरजी-फाईव्हजीवर, त्यामुळे फोनमध्ये व्होल्टी (फोरजीवरून कॉल करायची सोय) चालू नसेल तर साधा कॉलही जात नाही. एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएलचं टूजी अजून आहे, इंटरनेट मेलं तरी कॉल लागू शकतो. बीएसएनएलने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वदेशी फोरजी देशभर सुरू केलं, दुर्गम भागात दुसरं सिम म्हणून मी ते आवर्जून ठेवतो, पण त्यांचं ७०० मेगाहर्ट्झवालं फोरजी घ्यायला फोनमध्ये बँड २८, म्हणजे त्या ७०० च्या लहरींचा पट्टा, पाहिजे, जुन्या फोनमध्ये तो नसू शकतो, आधी चेक करा.

ईसिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच बसणारं सिम, सोयीचं आहे, पण ते दुसऱ्या नंबरासाठी. मुख्य नंबर प्लॅस्टिकच्या सिमवरच ठेवा, फोन नदीत पडला तर सिम काढून काकांच्या फोनमध्ये टाकता येतं, ईसिमचं तसं पटकन होत नाही.

मग निघायच्या आधीच्या रविवारी दोन्ही सिमं घेऊन एक चक्कर मारा. कसारा घाट, नाहीतर वणीमार्गे सापुतारा, किंवा घोटीवरून भंडारदरा. शेजारी बसलेल्याने फक्त कुठे कुठलं गेलं ते बघत राहायचं. नुसत्या रेंजच्या दांड्या मोजू नका, फोटो पाठवून बघा. २०१५ च्या सिंहस्थात रामकुंडावर उभं राहिलेल्यांना सांगायला नको, दांड्या फुल असतात आणि व्हॉट्सॲपवर घड्याळ फिरत बसतं. पर्यटनाच्या गावात सीझनला हेच होतं, तेव्हा दुसऱ्या सिमवर डेटा टाकून बघायचा.

रस्त्यात फाईव्हजी बंद करून फोरजीवर ठेवा. रेंज नसलेल्या पट्ट्यात फोन टॉवर शोधत बसतो आणि बॅटरी खातो, तिथे फ्लाईट मोड लावा, ऑफलाईन नकाशावर जीपीएस तरीही चालतं, फक्त नकाशा नाशिकमध्येच वायफायवर उतरवून घ्या. मनाली-लेह रस्त्यावर केलाँग सोडलं की लेहच्या अलीकडच्या उपशीपर्यंत बऱ्याच पट्ट्यांत तासन्‌तास रेंज नसते, तिथे कुठलंच सिम जादू करत नाही. घरी आधीच सांगून ठेवा, आज संध्याकाळपर्यंत फोन लागणार नाही, नाहीतर आई नातेवाईकांना फोन करत सुटते. आपल्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्या कंपनीची असेल तर ११२ हा आपत्कालीन नंबर लागतो. नॅशनल हायवेवर गाडी बंद पडली तर १०३३. फास्टॅग आदल्या रात्रीच भरा आणि दोन-तीन हजार रोख वेगळे ठेवा, कारण पेट्रोलपंपावर यूपीआय अडकलं की मागे हॉर्न सुरू होतात.