मासेमारी आणि कुटुंबाच्या सहलीसाठी ॲल्युमिनियमची बोट कशी पारखावी

मराठवाड्यात कोणी बोट घ्यायची म्हटले की पहिला सल्ला इंजिनाबद्दल मिळतो: किती हॉर्सपॉवरचे आहे, किती वर्षे चालले आहे, पेट्रोल किती लागते. पारख तिथून सुरू करू नये. इंजिन उतरवून मिस्त्रीकडे नेता येते आणि अगदीच निकामी निघाले तर दुसरे बसवता येते. बोटीचा तळ मात्र बदलता येत नाही. येथे जे लिहीत आहे ते १४ ते १६ फुटांच्या वापरलेल्या बोटीला लागू आहे. पहाटे दोघांनी गळ टाकून बसावे आणि सुटीच्या दिवशी त्याच बोटीतून घरच्या चौघांनी पाण्यावर फिरून यावे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा आहे.

कागदपत्रे आणि परवानग्या आधी पाहाव्यात. इंजिनाच्या बोटीची नोंदणी मागावी. ज्या जलाशयात बोट उतरवायची तिथल्या मासेमारीचे हक्क सहसा ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतात, त्यामुळे संस्थेशी आणि जलसंपदा विभागाशी बोलल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पैठणचा नाथसागर हे पक्षी अभयारण्य असल्याने तिथे वन विभागाचे नियमही लागू होतात.

त्यानंतर तळाचा आकार पाहावा. येलदरी, माजलगाव किंवा मांजरा धरणाच्या आडोशाच्या फाट्यात गळ टाकायचा असेल, तर सपाट तळाची बोट उत्तम. ती उथळ पाण्यात शिरते आणि उभे राहिले तरी डुलत नाही. नाथसागराची गोष्ट वेगळी आहे. सुमारे ५५ किलोमीटर लांब आणि रुंद भागी २७ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या त्या उघड्या पाण्यावर वाऱ्याला अडवणारे काहीच नसते, आणि जूनमध्ये दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की सपाट तळ प्रत्येक लाटेवर आपटतो, लहान मुले भिजतात आणि घाबरतात. दोन्ही कामे एकाच बोटीकडून हवी असतील तर पुढे टोकदार आणि मागे सपाट होत जाणारा तळ निवडावा, आणि बोटीच्या काठाची उंची बसलेल्या लहान मुलाच्या खांद्याच्या आसपास आहे ना हे मुलाला बसवूनच पाहावे. माणसे किती बसतील याचा ढोबळ हिशेब सोपा आहे: फुटांतली लांबी गुणिले रुंदी, भागिले १५. चौदा फूट लांब आणि पाच फूट रुंद बोटीला चार माणसे, पाच नव्हेत. विकणारा सहा म्हणत असेल तर त्याच्याशी वाद घालू नये, पण त्याचे ऐकूही नये.

पत्रा कोणत्या मिश्रधातूचा आहे ते बोटीवरच्या पट्टीवर किंवा माहितीपत्रकात मिळते. ५०५२ किंवा ५०८३ असेल तर पाण्यासाठी योग्य आहे. साधा छपराचा पत्रा वाकवून केलेली बोट, कितीही चकचकीत असली, तरी घेऊ नये. जाडीविषयी फार ताणू नये. तळाला दोन ते अडीच मिलिमीटर पुरे होतात. वेल्डिंगची बोट रिव्हेटच्या, म्हणजे ठोकून बसवलेल्या डोक्याच्या खिळ्यांनी पत्रे जोडलेल्या, बोटीपेक्षा नेहमीच चांगली, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याला उत्तर देतो ते एवढेच: वाईट वेल्डिंगची चीर दुरुस्त करायला आर्गॉन वायूचे वेल्डिंग करणारा कसबी कारागीर लागतो आणि तापलेल्या भागातला पत्रा पूर्वीपेक्षा मऊ होतो, तर सैल झालेले रिव्हेट हातोडी आणि ठोकळा घेऊन दोन माणसे पुन्हा घट्ट करू शकतात.

आता खरी कठीण पायरी. बोट पाण्यात टाकून गळती शोधण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो निरुपयोगी आहे, कारण पाण्यात असताना आत साचलेले पाणी दिसते, ते कुठून आले हे दिसत नाही. गळती शोधायची असेल तर बोट पाण्याबाहेर ठेवून पाणी तिच्या आत भरावे लागते. पण त्याआधी एक काम करावे, आणि हा क्रम बदलू नये: बोट ट्रेलरसह वजनकाट्यावर न्यावी. साखर कारखान्याजवळ किंवा मोंढ्याजवळ काटा असतोच. ट्रेलरचे आणि इंजिनाचे वजन वजा करून उरलेला आकडा बनवणाऱ्याने दिलेल्या वजनाशी ताडून पाहावा. बोट बुडू नये म्हणून आतल्या पाय ठेवायच्या फळीखाली फोम भरलेला असतो आणि वर्षानुवर्षे ओला राहिला की तोच फोम पाणी धरून बसतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे आकडा साठ-सत्तर किलोंनी जास्त निघाला तर तेवढे पाणी फळीखाली मुरलेले आहे असे समजावे. अशी बोट जड चालते आणि उलटली तर ज्या फोमने तिला तरंगत ठेवायचे तोच कामी येत नाही. कुटुंबासाठी बोट घेणाऱ्याने या एका कारणावरून सौदा सोडला तरी ते योग्य आहे.

काट्याचा निकाल ठीक आला की बोट ट्रेलरवरच ठेवून, तळ लांबीभर लाकडी फळ्यांवर टेकला आहे याची खात्री करावी. नुसत्या दोन आडव्या आधारांवर ठेवून पाणी भरले तर तळाला कायमचा पोचा पडतो. पाणी किती भरायचे याला मर्यादा आहे. तळ चार मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आसपास रुंद असेल, तर दहा सेंटिमीटर पाण्याचे वजनच पाचशे किलोंच्या घरात जाते. रिव्हेटच्या खालच्या ओळी बुडतील इतकेच भरावे आणि ट्रेलरची चाके, पट्टे, जोड आधी तपासावेत. तळाची बाहेरची बाजू कोरड्या फडक्याने पुसून रिव्हेटच्या ओळींवर आणि जोडांवर पांढरा खडू घासावा. ओल फुटली की तिथला खडू लगेच गडद दिसतो. पावसाळ्यात बोअरचे गार पाणी थेट भरू नये, कारण दमट हवेत थंड पत्र्यावर दव धरते आणि चांगली बोटही गळकी वाटते. टाकीत दिवसभर ठेवलेले पाणी वापरावे.

त्यानंतर तासभर थांबावे आणि त्या तासात खाली वाकून पाहत राहावे. इथेच बहुतेकांची दिशाभूल होते. थेंब जिथे पडतो तिथे भोक नसते. पाणी जोडाच्या कडेने वाहत येऊन सर्वांत खालच्या जागी, म्हणजे तळाच्या मधल्या कण्यापाशी, टपकते. म्हणून ओली रेघ पुसून काढावी, वरच्या बाजूने पुन्हा कुठे ओल फुटते ते पाहावे आणि ती सर्वांत वरची जागा मार्करने खुणावावी. चार-सहा रिव्हेट विखुरलेले पाझरत असतील तर ते घट्ट करून घेता येतात; त्यासाठी बोट नाकारू नये, किंमत कमी करून घ्यावी. एकाच ओळीतले सलग रिव्हेट पाझरत असतील, तर आतली आडवी पट्टी हलत आहे असा त्याचा अर्थ आहे. आणि रिव्हेटच्या भोकापासून निघालेली केसासारखी चीर दिसली तर तिथेच थांबावे, कारण ॲल्युमिनियमची चीर प्रत्येक हादऱ्याबरोबर पुढे सरकते. आतून डांबर, पुट्टी किंवा जाड रंग थापलेला तळ मी तपासायलाही घेत नाही. तो थर गळती झाकण्यासाठी असतो आणि त्याखाली पाणी अडकून पत्रा कुजतो.

पाणी काढल्यावर पुढचे टोक उंच करून, मागचा प्लग (पाणी काढायचे बूच) उघडा ठेवून बोट दिवसभर वाळू द्यावी. वाळत असताना फळी उचलता येत असेल तर खाली हात घालून पाहावे. तांब्याचा किंवा पितळेचा तुकडा ओल्या ॲल्युमिनियमवर पडून राहिला की तो पत्र्याला खड्डे पाडतो. गोदावरीत सोडण्यासाठी आणलेले आणि फळीच्या फटीतून खाली गेलेले नाणेसुद्धा तेवढेच करू शकते. साध्या लोखंडी बोल्टांभोवती पांढरी भुकटी साचली असेल तर ते स्टेनलेसचे बसवून मध्ये नायलॉनचा वॉशर घालावा लागेल. तांबेयुक्त औषध मुरवलेले लाकूड फळीसाठी वापरले असेल तर ते काढून टाकावे.

ट्रान्सम, म्हणजे ज्या मागच्या पाटीवर इंजिन अडकवतात ती, सहसा पत्र्याच्या आत प्लायवूड घालून केलेली असते. इंजिनाचा खालचा दांडा धरून जोर लावून वर-खाली हलवावा. पाटी त्याच्याबरोबर झुकत असेल तर आतले लाकूड कुजले आहे. एक बोल्ट काढून भोकात पातळ पेचकस घालावा. ओला तपकिरी भुगा आला तर नवे लाकूड घालण्याचा खर्च किमतीतून वजा झालाच पाहिजे. इंजिनाच्या दांड्याची लांबी पाटीच्या उंचीशी जुळते का तेही तेव्हाच पाहावे: १५ इंचांची पाटी असेल तर आखूड दांडा, २० इंचांची असेल तर लांब.

खुर्च्या, छत, गळांचे खण, माशांची टाकी यांत वेळ घालवू नये. ते नंतर हवे तसे करून घेता येते.

शेवटी पाण्यावरची चाचणी, आणि ती दुपारीच घ्यावी. विकणारा सकाळी सातला बोलावतो, कारण तेव्हा पाणी शांत असते. घरची सगळी माणसे, प्रत्येकाच्या अंगात मापाचे लाईफ जॅकेट, मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा, आणि इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला, अशी पूर्ण तयारी करून काठाजवळच्या उथळ पाण्यात आधी सर्वांनी हळूहळू एका बाजूला सरकावे. बोटीचा काठ पाण्यापासून एक वीतही वर उरत नसेल तर ती बोट कुटुंबासाठी नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलेले असताना बुडालेल्या गावांच्या विहिरी, भिंती आणि बाभळीचे बुंधे पाण्याच्या थोडेच खाली असतात, म्हणून अनोळखी भागात वेग घेऊ नये आणि स्थानिक भोई सांगतील त्या वाटेनेच जावे. तासभर भारासह चालवून, पावसाचे किंवा लाटेचे पाणी आत आले नसेल, तर बोट बाहेर काढल्याबरोबर मागचा प्लग बादलीवर उघडावा. तळाशी जेमतेम ओल दिसली तर राहिलेल्या किमतीची बोलणी करावी. पाव बादलीपेक्षा जास्त पाणी निघाले तर पैसे न देता बोट ट्रेलरवर चढवून परत पाठवावी, मग रिव्हेटची तपासणी आदल्या दिवशी कितीही चांगली झालेली असो.