सोप्रानो व्हायचंय? मग आवाज जड ठरवायची घाई नको

ट्रिनिटीच्या (लंडनच्या पाश्चात्य संगीत परीक्षांच्या) ग्रेड झाल्या, मुंबईच्या एनसीपीएत ऑपेरा ऐकला, आता जर्मनीत हॉखशूलेची, म्हणजे संगीत महाविद्यालयाची, प्रवेशपरीक्षा द्यायची, इथवर आलेल्या आणि सोप्रानो (बायकांचा सगळ्यांत उंच आवाज) म्हणून गाऊ पाहणाऱ्या मुलींसाठी लिहितेय. व्हिसा, भाषेची पातळी वगैरे तुम्ही शोधालच. बहुतेक राज्यांत सरकारी हॉखशूलेत शिक्षणशुल्क नसतं. बाडेन-व्ह्युर्टेमबर्गमध्ये मात्र आपल्याला सहामाहीला 1500 युरो भरावे लागतात, ते धरून चाला.

मला गाठलं ते 'फाख'ने. तिथली ऑपेरागृहं आवाजाचे प्रकार पाडतात. सोप्रानोतच सुब्रेट (हलका, खेळकर), कोलोराटूर (चपळ तानांचा), लिरिक (मृदू, सुरेल), ड्रामाटिश (जड, ताकदीचा). ज्या फाखचा करार, त्याच भूमिका. हिंदुस्थानी गाणं शिकलेल्या मुलीचा खालचा आवाज काळी चारमध्ये घोटून भरदार झालेला असतो. तो ऐकून एका गुरूंनी मला पहिल्याच वर्षी ड्रामाटिश ठरवलं आणि हातात पुच्चिनीच्या ऑपेरातली तोस्काची जड भूमिका दिली. पण खालचा भरदारपणा म्हणजे जड आवाज नव्हे, हे नीट समजून घ्या. खरा प्रश्न काळी चारच्या तार पंचमापुढे सुरू होतो. सोप्रानोचा आवाज तिथे वळण घेतो. छातीचा जोर तसाच वर नेला की आधी स्वर उतरतो, मग कंप रुंदावतो, मग हळू गाणंच जमेनासं होतं. माझं याच क्रमाने गेलं. आणि त्याच्याही वर अतितार गंधारापर्यंत, म्हणजे हाय सीपर्यंत, पोचायचं असतं.

तोस्काची ती प्रसिद्ध आरिया, म्हणजे एकटीने गायचं गाणं, तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढी कुणीही रेटून नेईल. पण ती येते दुसऱ्या अंकात, खलनायक स्कार्पियाशी आरडाओरडा झाल्यावर, आणि पुढे तिसरा अंक उरतोच. माईक नाही, समोर पितळी वाद्यांसकट अख्खा ऑर्केस्ट्रा. निवडचाचणीत ती गायलात की समोरचे धरून चालतात, ही पूर्ण भूमिका पेलेल. मग करार तसाच येतो.

ताळा घरी करता येतो. आदल्या दिवशी भूमिका गायला असाल, तर सकाळी थोडा रियाज झाल्यावर वरच्या एफवर (काळी चारच्या तार धैवतावर) स्वर अगदी बारीक लावा, फुलवा, पुन्हा बारीक करत आणा. तो मध्येच तुटला किंवा बारीक लागलाच नाही, तर ती भूमिका आज तुमची नाही. गुरू काहीही म्हणोत.

कुणीतरी मारिया कालास या गाजलेल्या सोप्रानोचा दाखला देईल. 1949 मध्ये व्हेनिसला तिने वाग्नरची जड ब्रुनहिल्डा आणि बेलिनीची हलकी, तानांची एल्विरा काही दिवसांच्या अंतराने गायली, वय 25. खरं आहे. पण रंगमंचावरचा तिचा शेवटचा ऑपेरा 1965 चा, वय 41. आवाज कशाने गेला यावर वाद आहे, तरी तिचा कित्ता कुणी गिरवू नये असं माझं ठाम मत आहे. मला नॉर्वेची सोप्रानो किर्स्टन फ्लागस्टाट जवळची वाटते. पदार्पण 1913 मध्ये, मग नॉर्वेत कित्येक वर्षं ऑपरेटा (हलकाफुलका ऑपेरा) आणि हलक्या भूमिका. वाग्नरची जड इसोल्डे पहिल्यांदा 1932 मध्ये आणि न्यूयॉर्कचं मेट्रोपोलिटन ऑपेरागृह 1935 मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर. तेव्हा पंचविशीत आपण मागे पडलो म्हणून रडू नका, मुलींनो. हा आवाज तिशीनंतरच पिकतो.

मास्टरक्लासवर पैसे उधळू नका. वीस मिनिटांत कुणी तुमचा आवाज ओळखत नाही. तेच पैसे चांगल्या कोरेपेटिटोरला, म्हणजे भूमिका बसवून घेणाऱ्या पियानोवादकाला, द्या. पियानोवर बसून तो रोज तुमचा स्वर, शब्द, श्वास ऐकतो, आणि थकवा सगळ्यांत आधी त्यालाच कळतो. इटालियनची भीतीही नको. तिचे त, द आपल्यासारखेच दंत्य आहेत आणि 'पत्ता' म्हणणाऱ्या जिभेला 'नोत्ते' सहज जमतं.

प्रवेशपरीक्षेला मोझार्टच्या ऑपेरातली सुझाना किंवा पामिना न्या, सोबत शूबर्टचं एखादं लीड, म्हणजे पियानोच्या साथीचं जर्मन गीत. गुरू बदलायची वेळ आली तर सहामाही संपताना बदला, आणि त्याआधी दुसऱ्यांच्या वर्गात मागे बसून त्यांच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुली कशा गातात ते ऐका. पहिल्या वर्षाच्या मुलींवरून काहीच कळत नाही.