निसानच्या ऑफ-रोड गाड्या परत रांगेला कशा लावायच्या

समजा उद्या सकाळी तुम्हाला निसानमध्ये बोलावलं आणि सांगितलं की ऑफ-रोड गाड्यांचा अख्खा लाइनअप आता तुमच्या हातात, काय ठेवायचं काय काढायचं तुम्हीच ठरवा, तर सुरुवात कुठून कराल? बहुतेक जण नवीन मॉडेलपासून करतील, कुठलं जुनं नाव परत आणायचं, किती हॉर्सपॉवर द्यायची, पुढची जाळी कशी दिसली पाहिजे वगैरे. मी म्हणेन ते सगळं नंतर. आधी आत्ता शोरूममध्ये काय उभं आहे ते बघा, आणि ते बघायला ब्रोशर नको, चटई टाका आणि गाडीखाली आडवे व्हा.

पैशाचं आधी सांगून टाकतो कारण पुढचं सगळं त्यावर आहे. २०२४-२५ च्या आर्थिक वर्षात कंपनीला सुमारे ६७१ अब्ज येनचा तोटा झाला, होंडाशी विलीनीकरणाची बोलणी फेब्रुवारी २०२५ मध्ये फिसकटली, एप्रिलमध्ये इव्हान एस्पिनोसा नवे प्रमुख झाले आणि मे महिन्यात त्यांनी योजना मांडली की २०,००० नोकऱ्या कमी करायच्या, १७ कारखान्यांचे १० करायचे, १३ प्लॅटफॉर्मचे (ज्यांच्यावर वेगवेगळी मॉडेलं बांधतात त्या मूळ सांगाड्यांचे) हळूहळू ७ करायचे. म्हणजे चार नवीन गाड्या काढा असं सांगणाऱ्या सल्ल्याचा इथे काही उपयोग नाही. जे आहे त्यातूनच उभं करायचंय, हे डोक्यात पक्कं ठेवून पुढे चला.

आता गाडीखाली गेल्यावर काय बघायचं? तीन गोष्टी. एक, ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीला) लो रेशो आहे का, म्हणजे फोर एल, हळू पण जास्त जोराने ओढणारा गिअर, लागतो का. दोन, मागचा डिफ लॉक होतो का, म्हणजे मागची दोन्ही चाकं बांधल्यासारखी बरोबर फिरतात का. तीन, गाडी रुतल्यावर ओढायला चेसिसला बोल्ट केलेला खरा हुक पुढे-मागे आहे का. या तीन प्रश्नांवर पॅट्रोल ही मोठी एसयूव्ही आणि नवारा-फ्रंटियर घराण्यातल्या फोर बाय फोर पिकअप बसतात, निदान त्यांचे वरचे व्हेरियंट तरी बसतातच. पाथफाइंडर आणि रोग या एसयूव्ही बसत नाहीत, लो रेशो दोघींनाही नाही. त्या वाईट गाड्या आहेत असं अजिबात म्हणत नाही, घरच्यांना घेऊन हायवेला आणि पावसात कच्च्या रस्त्याला त्या उत्तमच आहेत, पण त्यांना ऑफ-रोडच्या यादीत धरायचं की नाही हा प्रश्न आहे आणि माझं उत्तर नाही असं आहे.

हा फरक एवढा का ताणतोय ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या नवीन एसयूव्हीतून (कंपनीचं नाव घेत नाही) नदीच्या कोरड्या पात्रात उतरलो होतो. गाडीवर चहूबाजूंनी अॅडव्हेंचरची अक्षरं, डोंगराचं चित्र, जाड काळं क्लॅडिंग, ड्राइव्ह मोडच्या चाकावर वाळूचं चिन्ह. पन्नास पावलांवर एक खळगी आली, पुढचं डावं चाक आणि मागचं उजवं चाक अधांतरी झालं, आणि जी दोन चाकं जमिनीवर होती ती गप्प बसली, हवेतली दोन गरागरा फिरत राहिली. दोनतीनदा रेस केलं तर सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) तापल्याचा दिवा लागला आणि गाडीने स्वतःहून ताकद कमी केली. वीस मिनिटं बोनेट उघडून उभे. मग मागून आलेल्या एका जुन्या लॅडर फ्रेमवाल्या (शिडीसारख्या लोखंडी सांगाड्यावर बांधलेल्या) गाडीने ओढतो म्हटलं तर आमच्याकडे हुकच नाही. बंपरवरची छोटी प्लास्टिकची टोपी नखाने काढायची, आणि त्यात फिरवून बसवायचा हुक कुठे, तर डिकीतल्या सगळ्या सामानाखाली, स्टेपनीच्या खोबणीत. सगळं सामान वाळूत काढलं तेव्हा कुठे तो मिळाला. मित्र गाडी चालवायला चांगलाच होता, चूक त्याची नव्हती, त्याला गाडीच्या अंगावरच्या अक्षरांनी सांगितलं होतं की ही जाते.

म्हणून पहिला बदल फुकटातला आहे, नावं आवरा. निसानकडे व्हेरियंटची नावं बघा, प्रो-फोर एक्स आहे, रॉक क्रीक आहे, ऑस्ट्रेलियात वॉरियर आहे, वर निस्मोही आहे. गिऱ्हाइकाला कुठलं काय करतं ते कळत नाही. पाथफाइंडर रॉक क्रीकला ऑल-टेरेन टायर आणि जेमतेम १६ मिमी जास्त उंची मिळाली, रोग रॉक क्रीकला टायर मिळाले पण गिअरबॉक्स सीव्हीटीच राहिला. टायर चांगलेच आहेत, ठेवा, पण नियम करून टाका की लो रेशो आणि मागचा लॉक असल्याशिवाय प्रो-फोर एक्स हा शब्द कुठल्याही गाडीवर चढणार नाही, मग मार्केटिंगवाल्यांनी कितीही आग्रह धरला तरी नाही. आणि रॉक क्रीक हे कच्च्या रस्त्यापुरतं नाव आहे असं जाहिरातीत सरळ मराठीत, इंग्रजीत, अरबीत, ज्या त्या भाषेत सांगा. त्याने विक्री पडत नाही, उलट माणूस योग्य गाडी घेतो आणि नंतर शिव्या देत नाही.

नावांच्या बाबतीत या कंपनीने स्वतःचंच किती नुकसान करून घेतलंय ते बघा. पाथफाइंडर १९८० च्या दशकात लॅडर फ्रेमवर आली, नव्वदीत मोनोकॉक (वेगळी फ्रेम नसलेली) झाली, २००५ च्या पिढीत परत फ्रेमवर आली, २०१३ च्या मॉडेलला पुढच्या चाकांवर चालणारी सीव्हीटीची फॅमिली गाडी झाली, आणि आताच्या पिढीत सीव्हीटी जाऊन नऊ स्पीडचा ऑटोमॅटिक आला. एकाच नावाखाली इतक्या उड्या मारल्या तर जुना मालक परत कशाला येईल? टेरानोचंही तेच, जपानमध्ये हे नाव पहिल्या पाथफाइंडरच्या भावाचं, अस्सल फ्रेमवाल्या गाडीचं, आणि भारतात २०१३ ला तेच नाव रेनो डस्टरच्या बॉडीवर चिकटवलं, तेही असं की डस्टरला फोर बाय फोर मिळाली आणि टेरानोला मिळालीच नाही. नाव म्हणजे शब्द दिलेला असतो हो, तो पाळायला लागतो.

आता मुख्य काम, मधली जागा भरणं. वर पॅट्रोल आहे, मोठी आणि महाग, अमेरिकेत तिलाच आर्माडा म्हणतात. खाली पिकअप आहेत. या दोघांच्या मध्ये, पाच माणसं, तंबू, पाण्याचे कॅन आणि कुत्रं घेऊन डोंगरात जाणाऱ्याने काय घ्यायचं? तो टोयोटाकडे जातो फोररनरला, फोर्डकडे जातो ब्रॉन्कोला, नाहीतर जीपकडे जातो रँग्लरला. आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट ही की अशी गाडी निसानकडे होती. एक्सटेरा. १९९९ ला आली, फ्रंटियर पिकअपच्या फ्रेमवर बांधलेली, २०१५ पर्यंत चालली. छतावर नळ्यांचं कॅरिअर, त्यात ओलं सामान टाकायची टोपली, मागच्या सीटच्या लोकांना पुढचं दिसावं म्हणून मागे उंच केलेलं छत, आणि मागच्या दाराला बाहेरून एक फुगवटा, तो कशासाठी तर आतल्या बाजूला प्रथमोपचाराची पेटी बसायची. दुसऱ्या पिढीत चार लिटरचा व्ही सिक्स, सहा गिअरचा मॅन्युअल मिळायचा आणि वरच्या व्हेरियंटला मागचा लॉक. त्या फुगवट्यावरून कळतं की डिझाइन करणारा माणूस स्वतः कुठेतरी गुडघा फोडून घेऊन आलेला होता.

ती गाडी परत आणायची असेल, आणि आणायचीच आहे, तर अशी आणा. पुढची फ्रंटियर आणि ती एकाच फ्रेमवर, एकाच कारखान्यात, पुढचे दरवाजे, डॅशबोर्ड, पुढचं सस्पेन्शन, इंजिन सगळं एकच. टोयोटाने हे करून दाखवलंय, लँड क्रूझर ३००, लँड क्रूझर २५०, टुंड्रा, सिक्वोया, टॅकोमा, फोररनर आणि लेक्ससच्या दोन, एवढ्या सगळ्या एकाच घराण्याच्या फ्रेमवर आहेत, लांबी आणि जाडी गरजेप्रमाणे बदलते. निसानकडे मात्र अमेरिकेतली फ्रंटियर वेगळी आणि बाकीच्या जगातली नवारा वेगळी, आकार जवळपास तोच, सुटे भाग वेगळे. तोट्यातल्या कंपनीला हे परवडत नाही. ऑस्ट्रेलियासाठीची नवी नवारा तर मित्सुबिशी ट्रायटनवरच बेतली आहे, त्यात काही लाज नाही, पैसे वाचले ते एक्सटेरात घाला असं मी म्हणेन.

एक्सटेरात काय नको ते आधी ठरवा, कारण बजेट तिथेच फुटतं. डॅशभर स्क्रीन नको, वीस इंची अलॉय नको, विजेवर उघडणारं मागचं दार नको, सात सीट नकोत. हवं काय, सतरा इंची चाकं म्हणजे टायरला उंच गाल राहतात आणि हवा कमी करून वाळूत जाता येतं, मागे सॉलिड अॅक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकसंध दांडा), पुढे स्वतंत्र सस्पेन्शन चालेल, मागचा लॉक प्रत्येक फोर बाय फोर व्हेरियंटला, खालून लोखंडी पत्रा, आणि आतली जमीन रबराची, पाण्याने धुता येईल अशी. फोर एलसाठी हाताने ओढायचा दांडा दिला तर मला जास्त आवडेल पण बटण असेल तरी भांडणार नाही. भांडेन ते मागच्या लॉकवर. तो फक्त सगळ्यात महाग व्हेरियंटला द्यायची पद्धत सगळीकडे आहे आणि ती उलटी आहे, कारण स्वस्त गाडी घेणाराच माणूस ती खरी चिखलात घालतो.

पॅट्रोलकडे वळू. २०२४ ला नवी पिढी आली, व्ही एट जाऊन साडेतीन लिटरचा ट्विन टर्बो व्ही सिक्स, ४२५ हॉर्सपॉवर, वरच्या व्हेरियंटना एअर सस्पेन्शन. दमदार गाडी आहे, तिला हात लावू नका. फक्त तिच्या खाली एक साधी पॅट्रोल द्या. याचा पुरावा कंपनीच्याच इतिहासात आहे, २०१० ला पॅट्रोलची वाय ६२ पिढी आली, सगळीकडून स्वतंत्र सस्पेन्शनवाली, तरी पुढे-मागे सॉलिड अॅक्सलची जुनी वाय ६१ ऑस्ट्रेलियात आणि आखाती देशांत अनेक वर्षं शेजारी विकावी लागली कारण लोक तीच मागत होते. टोयोटाची लँड क्रूझर ७० तर १९८४ पासून आजतागायत चालू आहे. म्हणून कापडी सीट, लोखंडी रिम, साधे स्प्रिंग, मोठी टाकी असलेली पॅट्रोल, शेतकऱ्याला, खाणीवाल्याला, वाळवंटातल्या बचाव पथकाला.

आपल्याकडच्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको, कारण लष्करातली जोंगा म्हणजे पॅट्रोलच. साठ सिरीजची पॅट्रोल, परवाना घेऊन १९६९ पासून जबलपूरला बनायची. आणि त्याच साठ सिरीजच्या गाडीतून १९६२ मध्ये रेग स्प्रिग नावाचा भूगर्भशास्त्रज्ञ बायको आणि दोन मुलांना घेऊन ऑस्ट्रेलियाचं सिम्प्सन वाळवंट पार करून गेला, मोटारीने ते पार करणारे ते पहिले. हजारभर वाळूच्या टेकड्या, लहान मुलं गाडीत. कंपनीच्या जाहिरातीत हे मला कधी ठळकपणे दिसलं नाही, आणि डोंगराचे स्टिकर मात्र जागोजागी.

आता थोडं आतल्या मशिनरीचं, कारण ऑफ-रोडला इंजिनापेक्षा आधी गिअरबॉक्स मरतो. वाळूत किंवा चढावर गाडी हळू चालते, समोरून वारा लागत नाही, तेल उकळत राहतं. २००५ ते २०१० च्या फ्रंटियर, पाथफाइंडर आणि एक्सटेरात गिअरबॉक्सचा ऑइल कूलर रेडिएटरच्या पोटात होता, तो आतून फुटला की कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरायचं आणि रेडिएटरच्या दुरुस्तीच्या जागी अख्खा गिअरबॉक्स बदलायची वेळ यायची, कंपनीला वॉरंटी वाढवून द्यावी लागली. तेव्हा नियम दोन. लो रेशोवाल्या प्रत्येक गाडीला गिअरबॉक्सचा कूलर वेगळा, रेडिएटरच्या बाहेर, स्वतःच्या पंख्यासकट. आणि गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान ड्रायव्हरला आकड्यात दिसलं पाहिजे, नुसता लाल दिवा नको, दिवा लागतो तेव्हा उशीर झालेला असतो.

हायब्रिड करायची का? करा, पण घाई नको. निसानच्या ई-पॉवरमध्ये इंजिन फक्त वीज बनवतं आणि चाकं मोटर फिरवते, दगडांवरून इंचाइंचाने जायला हे कागदावर झकास आहे, पण ती रचना हलक्या गाड्यांसाठी वाढलेली आहे, दोन टनांची फ्रेमवाली गाडी तासभर चढावर रांगवली तर मोटर आणि इन्व्हर्टर किती तापतात ते आधी वाळवंटात जाऊन बघा. २०२५ ला शांघायला दाखवलेली फ्रंटियर प्रो ही प्लग-इन हायब्रिड पिकअप चीनमधल्या भागीदाराबरोबर केलेली आहे, तिथलं शिकलेलं इकडे वापरता येईल.

आणि स्वस्तातली सगळ्यात चांगली युक्ती कंपनीला ऑस्ट्रेलियात सापडलेलीच आहे, ती फक्त पसरवायची. तिथे प्रेमकार नावाची इंजिनिअरिंग कंपनी नवारा आणि पॅट्रोलच्या वॉरियर आवृत्त्या करते, पॅट्रोल वॉरियर साध्या गाडीपेक्षा सुमारे ५० मिमी उंच, मोठे टायर, बदललेले स्प्रिंग आणि शॉकर, खाली जाड पत्रा, आणि हे सगळं निसानच्या वॉरंटीसकट शोरूममधून मिळतं. हा वॉरंटीचा मुद्दा फार मोठा आहे. बाहेरून लिफ्ट किट टाकलं की डीलर हात वर करतो, शॉकर फुटला तरी आणि वायपर बिघडला तरी. प्रत्येक मोठ्या बाजारात असा एक स्थानिक भागीदार शोधा, आखातात वाळूसाठी, दक्षिण आफ्रिकेत दगडांसाठी, दक्षिण अमेरिकेत चिखलासाठी.

क्रम विचाराल तर असा लावा. पहिल्या सहा महिन्यांत नावं आवरा आणि आहे त्या पिकअपच्या सगळ्या फोर बाय फोर व्हेरियंटना मागचा लॉक द्या. वर्षभरात साधी पॅट्रोल आणि दोन नव्या देशांत वॉरियर. एक्सटेराला लागेल तेवढा वेळ घ्या पण विकायला काढण्याआधी तिचा एक नमुना अशा लोकांच्या हातात द्या ज्यांच्या दारात अजून जुनी एक्सटेरा किंवा वाय ६१ उभी आहे, आठवडाभर नेऊ दे त्यांना, इंजिनिअरने मागच्या सीटवर बसून फक्त वही घेऊन जायचं. परत आल्यावर गाडी पाण्याने धुवायची, वर उचलायची आणि काय वाकलंय, काय घासलंय, कुठल्या वायरीवर चिखल बसलाय ते त्या मालकांच्या समोरच बघायचं, आणि हो, पुढचा हुक कुठे आहे हे त्यांना न विचारता सापडला का तेही वहीत लिहायचं.