खंडेनवमीला आजोबांचं रिव्हॉल्वर काढताय? या चुका टाळा

आमच्या अंबाजोगाईकडं खंडेनवमीला विळा, कोयता, कुऱ्हाड सगळं पाटावर मांडतात, आणि ज्यांच्या घरी लायसनचं जुनं रिव्हॉल्वर आहे ते पण तिथंच, वर ओलं हळदकुंकू थेट चक्रीवर, म्हणजे गोळ्या भरायच्या फिरत्या भागावर. पहिली चूक हीच. मामाचं मधून मोडून उघडायचं ३२ बोअरचं रिव्हॉल्वर एका साली घोडा (मागची हातोडी) ओढला की अर्ध्यात अडकू लागलं, सगळे म्हणू लागले स्प्रिंग गेली. लायसनवाल्या मिस्त्रीनं चक्री उतरवून दाखवली तर मधल्या दांडीवर कुंकवाचा लाल चिखल वाळून दगड झालेला, स्प्रिंग ठणठणीत! पूजा करा ना, पण अक्षता-फूल पाटावर वाहा.

दुसरी चूक लै डेंजर. "बत्तीस म्हणजे बत्तीसच की" म्हणून पिस्तुलाचं ३२चं काडतूस रिव्हॉल्वरमध्ये घालतात, आणि बऱ्याच जुन्यात ते सरकन बसतं पण, म्हणून तर माणूस फसतो. ३२ स्मिथ अँड वेसन हे १८७८चं, काळ्या बारुदीच्या जमान्यातलं काडतूस, त्याच्यानंतर १८९६ला आलेल्या ३२ लाँग काडतुसाची सुद्धा दाबाची मर्यादा १५,००० पीएसआय (दाब मोजायचं माप), आणि पिस्तुलवाल्याची २०,५००. मोडून उघडायच्या जुन्या फ्रेमनं हा दाब कशाला सोसावा? वरून पिस्तुलाच्या काडतुसाची बुडाची कड बारीक, त्यामुळं कधी घोडा पडूनही काडतूस उडतच नाही.

नाही उडालं तर लगेच उघडून बघू नका, नळी सुरक्षित दिशेला धरून निदान ३० सेकंद थांबा, कधी कधी उशिरा उडतं. आणि नुसता फुस्स आवाज आला तर गोळी नळीतच अडकली असं समजा, दुसरी मारली की नळी फाटते. हिरवा गंज चढलेली काडतुसं तर मुळात घालूच नका.

रिव्हॉल्वर तपासायचं असेल तर चक्रीतली गोळ्यांची सगळी घरं रिकामी आहेत हे दोनदा बघा, मग घोडा अगदी हळू ओढा. घोडा पूर्ण मागं पोचेपर्यंत चक्री कट्‌ करून बसली पाहिजे. मागं राहिली तर घर नळीसमोर येत नाही, शिसं खरवडून बाजूला उडतं, शेजारी उभा असलेल्याच्या तोंडावर. घरी कानस लावून बघू नका, मिस्त्रीकडंच न्या.

सिनेमातल्यासारखं उघडलेलं रिव्हॉल्वर झटक्यानं खटकन बंद करणं पण सोडा, वरची कडी झिजते, बिजागरी ढिली होते.

आणि ठेवताना चामड्याच्या म्यानात नको. चामडं ओल धरतं, पावसाळा संपून म्यान उघडलं की शिलाईच्या रेषेत गंजाची रेष.