डाव हरला म्हणून ओपनिंगला नावं ठेवू नका

बुद्धिबळातल्या ग्रँडमास्टर्सचे जुने डाव घेऊन अभ्यासाला बसताय ना, मग शेवटी १-० (म्हणजे पांढरा जिंकला) दिसलं की काळ्याची ओपनिंगच (सुरुवातीच्या चालींची ठरलेली पद्धत) बेकार असं ठरवून मोकळे होऊ नका. मी या सापळ्यात बराच काळ अडकलो होतो, एक सोड दुसरी धर, आणि खेळ होता तिथेच.

१९७२ च्या रेक्याविकमधल्या (आइसलंड) जगज्जेतेपदाच्या मॅचचा सहावा डाव घ्या. फिशर पांढरा, स्पास्की काळा. फिशर म्हणजे ई४ वाला माणूस, म्हणजे राजापुढचं प्यादं दोन घरं ढकलून सुरुवात करणारा (अक्षर पटाचा उभा रकाना, आकडा आडवी ओळ), इथे त्याने सी४ ने सुरुवात केली, पण इंग्लिश ओपनिंग समजाल तर फसाल, कारण थोड्याच चालींत क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड ही दुसरीच ओपनिंग होते आणि ७ व्या चालीला काळ्याच्या बी६ ने तिचा टार्टाकोव्हर हा प्रकार, जो स्पास्कीचा हातखंडा. पुढे सी५-डी५ चे हँगिंग पॉन्स (शेजारी प्याद्यांचा आधार नसलेली जोडी) काळ्याच्या गळ्यात पडतात आणि फिशर असा जिंकतो की स्वतः स्पास्कीने टाळ्या वाजवल्या. हे बघून टार्टाकोव्हर खेळायची हिंमत कोण करेल?

पण डाव बिघडला कुठे ते बघा. २० व्या चालीला ई४ आल्यावर काळ्याने डी४ ढकललं. झालं, सी४ चं घर पांढऱ्या उंटाला मिळालं, ई६ चं प्यादं कायमचं कमकुवत, मग ई५, उंट सी४, एफ५ सगळं ओघानेच आलं. हा मिडलगेमचा, म्हणजे डावाच्या मधल्या टप्प्याचा निर्णय आहे, यात ओपनिंगचा काय दोष? आणि १४ व्या चालीला उंट बी५ आल्यावर स्पास्की ए६ खेळला, तिथे गेलरने (जो रेक्याविकला स्पास्कीच्याच टीममध्ये होता) १९७३ मध्ये टिमनविरुद्ध वजीर बी७ ला नेला, सी५ वरचा पिन (प्यादं हललं की मागचा वजीर उघडा पडतो ती अडकण) सोडवला आणि डाव जिंकला. म्हणजे ओपनिंग शाबूत!

इंजिन (चाली तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम) आधी लावू नका, अजिबात नाही. ते एक बाजू किती वरचढ आहे, ०.३ का ०.५, एवढंच सांगेल, प्यादं का कमकुवत झालं ते सांगणार नाही. वीस चालींची लाइन पाठ करायला देणारे कोच तर मला पटतच नाहीत, एखादा 'इथे तू काय खेळशील?' विचारून गप्प बसत असेल तर त्याला सोडू नका. सुरुवातीला तुमच्या चाली चुकतीलच, सगळ्यांच्या चुकतात, घाबरू नका. आज पटावर हा डाव मांडा, २० व्या चालीला थांबा, डी४ ऐवजी सी४ ढकललं तर काय होतं ते हाताने खेळून बघा, आणि मग टिमन-गेलरचा तो डाव लावा.