माकडताप आणि लेप्टोवर एकत्र काम करताय? या चुका टाळा

काजूचा हंगाम सुरू झाला की सिंधुदुर्गातली माणसं जंगलालगतच्या बागांत शिरतात आणि त्याच दिवसांत माकडतापाचे, म्हणजे गोचिडीतून पसरणाऱ्या आणि माकडांचाही जीव घेणाऱ्या विषाणूजन्य तापाचे, रुग्ण दिसू लागतात. पावसाळ्यात लावणीच्या चिखलातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जनावरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा जिवाणूंचा आजार) येतो. या आजारांचा अभ्यास करणारे डॉक्टर, विषाणूतज्ज्ञ, पशुवैद्यक, गोचीड ओळखणारे कीटकतज्ज्ञ आणि वनविभागाचे कर्मचारी यांची मोट बांधणं सोपं नाही. काम बहुतेकदा बिघडतं ते साध्या साध्या गोष्टींवरून.

सगळ्यात महागात पडते ती साथ आल्यावर बैठक बोलावण्याची सवय. माकडतापाचा काळ साधारण डिसेंबर ते मे. नैतिक समितीची परवानगी, नमुना कोण घेणार, उरलेलं सीरम (रक्तातला पातळ भाग) कोणाकडे राहणार, शोधनिबंधावर कोणाची नावं येणार, हे सगळं दिवाळीआधी लेखी ठरायला हवं. लेप्टोसाठी मृग लागायच्या आत. नावांचा विषय संकोचाने टाळला की तो पुढे हमखास भांडण लावतो.

दोन प्रयोगशाळांचे निकाल उलटसुलट आले तर एकमेकांच्या कामावर शंका घेण्याआधी ताप कधी आला ती तारीख पाहा. माकडतापाचा विषाणू सुरुवातीच्या दिवसांत आरटी-पीसीआरवर सापडतो. आयजीएम प्रतिपिंडं, म्हणजे संसर्गाविरुद्ध शरीर सुरुवातीला तयार करतं ती प्रथिनं, साधारण पाचव्या दिवसानंतर दिसू लागतात. तारीख नसलेल्या नळीचा अर्थ कोणालाच लावता येत नाही. लेप्टोची मॅट चाचणी (रक्तातली प्रतिपिंडं मोजणारी) तर दहा-चौदा दिवसांनी घेतलेला दुसरा नमुनाही मागते. तोवर माणूस बरा होऊन शेतात गेलेला असतो. त्याला परत आणायचं काम आशाताईंवर टाकणार असाल, तर त्यांचं मानधन प्रकल्पाच्या खर्चात आधीच धरा. त्यांनी ते फुकट करावं, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

पत्त्याच्या एकाच रकान्यावर भागवू नका. रुग्ण राहतो बांद्याला, काजू गोळा करतो दुसऱ्याच गावात आणि उपचाराला जातो गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात. 2015 साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात माकडताप आढळला आणि पुढच्याच वर्षी शेजारच्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात. त्यामुळे गोव्यातल्या डॉक्टरांना पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या. रुग्णाच्या माहितीच्या अर्जात तीन वेगळे रकाने ठेवा: राहण्याचं गाव, गेल्या दोन आठवड्यांत काम केलेली जागा, उपचाराचं ठिकाण.

मेलेल्या माकडाची बातमी आधी गावकऱ्यांना कळते, शास्त्रज्ञांना उशिरा. मृतदेह सोडून गोचीड आसपास पसरतात, म्हणून त्याला कोणी हात लावू नये आणि फोन कोणाला करायचा हे वाडीवाडीवर माहीत असावं. व्हॉट्सॲप ग्रुप अशा बातमीसाठी उत्तम. रुग्णांची नावं मात्र त्यावर कधीच टाकू नका.

समन्वयकाची बदली झाली की फोन नंबर, याद्या, शब्द दिलेली कामं सगळंच थांबतं. म्हणून सुरुवातीपासून दुसरा माणूस सोबत तयार करा.

आणि निकाल. पुण्याच्या एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) किंवा आणखी कुठे चाचणी झाली, की तो प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोनवर कळवा. शोधनिबंध छापून येईपर्यंत त्यांना ताटकळत ठेवलं, तर पुढच्या हंगामात तिथून नमुने येणार नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नसेल.